अर्लीनची झाकलेली भिंत

मी संशयी आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं बसलेल्या बाईनं संशयी असायलाच हवं. पोटदुखीची चिठ्ठी आईनं लिहिलीय की पोरानं, हे मी दोन हात लांबून सांगते.

अर्लीन स्लोव्हिक पाचवीला इंग्रजी शिकवायची. तिच्याबद्दल मला पहिल्यापासून शंका. डबा खायला ती आमच्यात यायची नाही, वर्गातच बसून कोबी घातलेल्या नूडल्स थंडगार खायची. तिच्या वर्गात खिदळणं फार. आणि पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून मेटाकुटीला आलेल्या आमच्या गावात शब्दार्थाच्या प्रश्नांना भरभरून मार्क पडायचे ते फक्त हिच्याच पोरांना. कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी मुख्याध्यापक ब्रंकना दोनदा म्हटलं होतं.

"डोरीन, तुला कोरड्या विहिरीतसुद्धा मुरलेलं पाणी दिसतं," असं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

तिची शिकवायची तऱ्हाही निराळी. शब्दाचा अर्थ ती फळ्यावर लिहून द्यायचीच नाही. मुलानं शब्द घरी न्यायचा, तो कुणाला लागू पडतो ते शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं. "रिलक्टंट" हा शब्द केल्सी युरिकनं नेला होता. दहा वर्षांची, दातांना तारा लावलेली चुणचुणीत पोर. मी दाराशी उभी राहून ऐकलं.

"बाई, आमचे आजोबा दाताच्या डॉक्टरकडे निघाले ना, की आधी बूट सापडत नाहीत. मग चष्मा. मग कुत्र्याला फिरवायचं आठवतं. जातात शेवटी, पण मनातून नकोच असतं. ते रिलक्टंट."

"मग कुठं ठेवायचं आजोबांना?" अर्लीननं विचारलं.

केल्सीनं वर्गभर नजर फिरवली आणि चिठ्ठी दाराच्या अगदी कडेला भिंतीवर चिकटवली. आजोबा निघालेत, पण अजून घरातच. जागा मुलानं निवडायची आणि एकदा लावलेली चिठ्ठी वर्षभर हलवायची नाही, हा अर्लीनचा नियम. झिरपण्याचा शब्द, "सीप", छताच्या डाव्या कोपऱ्यातल्या ओल्या डागाखाली, करपण्याचा हीटरच्या वर. एप्रिलपर्यंत भिंतीचा रंग दिसेनासा व्हायचा. मला तो सगळा पोरखेळ वाटायचा.

एप्रिलमध्ये राज्याची परीक्षा असते. तेव्हा वर्गातला प्रत्येक तक्ता, प्रत्येक शब्द तपकिरी कागदानं झाकावा लागतो, आणि शिक्षिकेबरोबर आणखी एक मोठं माणूस पहाऱ्याला लागतं. त्या वर्षी ते माणूस मी होते. छापील सूचनांपलीकडं दोघींनीही अवाक्षर काढायचं नाही.

विसेक मिनिटांनी केल्सीनं मान वर केली, दाराशेजारच्या कोऱ्या कागदाकडं टक लावून पाहिलं आणि खाली बघून उत्तर लिहिलं. थोड्या वेळानं मागच्या बाकावरच्या मुलानं तेच केलं. मग तिसरीनं, मग चौथ्यानं. सगळे एकाच जागी बघत होते. सुट्टी झाल्यावर मी त्या कागदाला नाक लावलं. आरपार काही दिसत नव्हतं. कोपरा उचलला. आत "रिलक्टंट". प्रश्नपत्रिका पहारेकऱ्यानं वाचायची नसते, पण गोळा करताना दिसली, त्यात तोच शब्द होता. मला वाटलं, आता सापडली. हिला पेपर आधीच कळलाय आणि जागा दाखवून पोरांना पढवून ठेवलंय! दुपारच्या आत मी तक्रार लिहून सही केली.

अर्लीनला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. आरोप खरा ठरला असता तर तिचा शिकवायचा परवानाच गेला असता. सामान न्यायला आली तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबली.

"मला विचारायचंस ना, डोरीन."

"आणि तू खरं सांगितलं असतंस?"

"हो," ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही.

राज्याकडून चौकशीला एक साहेब आले. ब्रंकच्या खोलीत ते मुलांना एकेक करून बोलवत होते, आणि मी लिहून घेत होते. मग केल्सी आली.

"तू कागदाकडं काय बघत होतीस?"

"आजोबांना."

"कागदातून दिसत होते?"

"नाही. पण ते तिथंच असतात ना."

साहेबांनी चष्मा काढला. "बरं. आता 'सीप' म्हणजे काय ते सांग."

केल्सीनं मान वर केली. ब्रंकच्या खोलीचं छत नुकतंच रंगवलेलं, पांढरंशुभ्र. त्याच्या डाव्या कोपऱ्याकडं बघत ती म्हणाली, "पाणी हळूहळू बाहेर येतं ते. आमच्या तळघरात येतं."

नंतर आलेल्या अकरा मुलांनीही त्याच कोपऱ्याकडं बघून अर्थ सांगितला. दाखला प्रत्येकाचा निराळा, अर्थ प्रत्येकाचा बरोबर. साप साप म्हणून मी भुई धोपटली होती.

"मला पटलं," साहेब म्हणाले, "पण माझ्या पटण्यानं फाईल बंद होत नाही. नवा पेपर काढून परीक्षा पुन्हा घ्यायची. मार्क तेवढेच पडले तर बाई सुटल्या. घसरले, तर संशय खरा धरला जाईल."

दुसऱ्या परीक्षेला अर्लीनला वर्गात यायची बंदी होती. सूचना साहेबांनी वाचल्या. पहाऱ्याला पुन्हा मीच, कारण पहाऱ्याचं प्रशिक्षण घेतलेलं मोकळं माणूस शाळेत दुसरं नव्हतं.

अर्धा तास झाला तरी एकही मान वर झाली नाही. केल्सीनं दोन्ही तळहात कानशिलांना लावून नजर कागदावर डांबून ठेवली होती. तिच्या उत्तरपत्रिकेवर तीन जागा कोऱ्या होत्या. मी बाकांमधून फिरले. सगळीकडं तेच. वर बघितलं की बाईंना काढतात, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. मला ते बघवेना.

"मुलांनो, वर बघा," मी म्हटलं. "भिंतीकडं बघायला बंदी नाही. त्यानं तुमच्या बाईंना काही होणार नाही."

"बाई!" साहेब ताडकन उठले. "एक अक्षर बोलायचं नाही!"

"लिहून घ्या माझ्या नावावर," मी म्हटलं.

पण कुणीच मान वर केली नाही. केल्सीनं फक्त हात जरासे बाजूला करून माझ्याकडं पाहिलं, डोळे बारीक करून, वरपासून खालपर्यंत. चिठ्ठी खोटी असेल तर मी ज्या नजरेनं बघते, अगदी तीच नजर. मग तिनं हात पुन्हा कानशिलांना लावले.

मी बोलले म्हणून ती परीक्षाही रद्द झाली, आणि घसरलेले मार्क कुणी धरले नाहीत. फाईलवर शेरा पडला, "काही सिद्ध झाले नाही." निर्दोष हा शब्द कुठंच नाही. सप्टेंबरमध्ये अर्लीन परत आली. माझ्याशी सरळ बोलते, मनात काही ठेवलेलं दिसत नाही. तिच्या वर्गातलं खिदळणं ऑफिसपर्यंत ऐकू येतं. यंदाची मुलं नवी, पण झालेलं सगळं त्यांच्या कानावर आलंय. मी दारात गेले की ती गप्प होतात, आणि मी निघून जाईपर्यंत भिंतीकडं एकही जण बघत नाही.