डावा पाय आणि माझं तोंड

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत एक सवय असते. समोरच्याला कळू द्यायचं नसलं की चेहरा हसरा ठेवून मराठीत बोलायचं. नई सडकेवर दुकानदारासमोर कापडाला नावं ठेवताना, नको असलेला पाहुणा उठत नसताना, आम्ही हेच करतो. मी त्यात तरबेज.

माझी मुलगी चौदा वर्षांची. रोलर स्केटिंगच्या शर्यतींत उतरते. शेवटच्या फेऱ्यांत तिचा डावा पाय थरथरायला लागायचा, वाकलेली कंबर वर यायची आणि मागच्या मुली पुढे निघून जायच्या. तिला शिकवणारी पंचविशीतली ताई मला एकदा म्हणाली, "आंटी, रिंक पर हमेशा बाएँ ही मुड़ते हैं. राइट पैर धक्का देता है, लेफ्ट मुड़ा रहकर वज़न झेलता है. इसका लेफ्ट कमज़ोर है, जल्दी थकता है." मला मुलीच्या जीन्स आठवल्या. उजव्या मांडीवर घट्ट, डावीवर सैल. तरी पटलं नाही. मला तो आळस वाटला.

निवड चाचणी जवळ आली आणि ताईने हिच्या फेऱ्या निम्म्या केल्या. बाकीच्या मुली सुसाट, आणि ही कोपऱ्यात डाव्या पायावर उठबशा काढतेय, नाहीतर एकटीच उलट्या दिशेने संथ फिरतेय. मी रिंकच्या कठड्याला टेकून, ताईकडे बघून गोड हसत मुलीला म्हटलं, "हिला काडीचं कळत नाही. स्वतः कधी जिंकली नसेल, म्हणून दुसऱ्यांच्या पोरी बसवून ठेवते. तू नुसती मान हलव. घरी आपण बघू."

ताईही हसली. "आंटी, इसको पानी पिला दीजिए."

घरी बघितलं ते असं. पहाटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी मुलीला फेऱ्या मारायला लावल्या. सगळ्या डावीकडे वळणाऱ्या, दम लागेपर्यंत. ताईला सांगायचं नाही, हेही बजावलं. पाय दुखतो म्हणाली तेव्हा म्हटलं, "दुखणारच. गादीवर लोळून मेडल मिळत नाही."

चाचणीच्या आदल्या आठवड्यात ती रिंकवर सरावात वळणावर कोसळली. डाव्या मांडीत गोळा आला होता, स्नायू कातडीखाली दगडासारखा वर आलेला दिसत होता. मी धावले, पण ताई आधी पोचली. तिने हिचा गुडघा हळूच दुमडला आणि म्हणाली, "सोड बाळा, ढिला सोड. श्वास रोखू नकोस. होतंय कमी, होतंय."

मराठीत. आमच्या घरातल्यापेक्षा स्वच्छ मराठीत.

वर्षभर त्या कठड्यापाशी मी काय काय बोलले होते! तिच्या कापलेल्या केसांवर, न झालेल्या लग्नावर, चालण्याच्या ढबीवर. सगळं हसत हसत, तिच्यापासून दोन हातांवर उभं राहून.

"घरी जास्तीचं काही करतेस का?" तिने मुलीला विचारलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "नहीं ताई."

डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्यासाठी ती खोटं बोलत होती. इतर आईबाप भोवती जमले होते. मी खाली वाकले आणि हळू आवाजात सांगितलं, की पहाटे मीच पळवते. तेसुद्धा मराठीत. बाकीच्यांना कळू नये, ही धडपड तेव्हाही सुटली नव्हती.

ताईने वर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हिंदीत विचारलं, "तो रोज़ सुबह आप चक्कर लगवा रही थीं, आंटी? मैं आधा कर रही हूँ और आप दुगुना?"

मागे कोणीतरी "हे राम" म्हणालं. 

"चाचणी?" मी विचारलं.

"नाही, काकू," ती आता मराठीत म्हणाली. "या वर्षी नाही."

स्कूटरवर मुलगी मागे बसली. पडावच्या चौकात गर्दीत अडकलो तेव्हा मी विचारलं, "त्यांना मराठी येतं, हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. उनकी मम्मी मराठी हैं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटायचं, एक दिन तो त्या तुला सुनावतील. मी वाटच बघत होते." मग थोड्या वेळाने, "आई, हळू चालव ना. झटके बसतायत."

मी गाडी कडेला घेतली आणि घरापर्यंत तशीच हळू नेली. मागचे हॉर्न देत राहिले.