बाबांच्या खांद्यावरून मोजलेली थप्पी

गोदामातली पोती मोजायची आम्हा ऑडिटवाल्यांची पद्धत अगदी सोपी. थप्पीची लांबी किती पोत्यांची, रुंदी किती पोत्यांची आणि थर किती, एवढं मोजायचं आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. एवढ्यासाठी मी तीनदा नापास होऊन सी.ए. झाले, असं मी गमतीनं म्हणायचे. आता नाही म्हणत.

माझे बाबा वाशिमच्या बाजारात तीस वर्षं हमाल होते. ते पोती वाहायचे आणि मी पोत्यांचा हिशेब लिहायला शिकत होते. आई दोघांना वाढताना म्हणायची, "एक उचलते, एक लिहिते, भाकरी मातर दोघाईले सारखीच लागते."

परीक्षा पास झाल्यावर मी ऑफिससाठी खोली शोधायला निघाले. आडनाव सांगितलं, की खोली कालच दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. चार महिने हे चाललं. शेवटी बाबा ज्यांच्या अडतीवर पोती वाहायचे, त्या शेठनी दुकानावरची खोली दिली. डिपॉझिटही मागितलं नाही. "आपल्या हमालाची पोरगी हाय," एवढंच म्हणाले. मला ते बोलणं जरा खुपलं होतं, पण खोली हवी होती. आणि उपकार हे उपकारच.

पुढे शेठ एका शेतकरी कंपनीचे अध्यक्ष झाले. अनसिंगकडे जाताना त्यांचं गोदाम लागायचं. भाव वाढेपर्यंत आसपासच्या शेतकऱ्यांनी आपलं सोयाबीन तिथं ठेवायचं, अशी ती कंपनी. ऑडिट अर्थातच माझ्याकडे आलं. दोन वर्षं मी एकतीस मार्चला गेले, गुणाकार केला, शेठच्या हातचा गोड चहा प्यायले आणि पुढे ताळेबंदावर सही केली.

रविवारी मी विहाराच्या अभ्यासिकेत मुलांना हिशेब शिकवते. तिथं माझा फार दरारा. शेजारच्याच्या वहीतलं उत्तर उतरवलेलं दिसलं की मी म्हणायचे, "न पाहता लिहिलं, शून्य!" स्वतःकडे पाहायची वेळ तोवर आली नव्हती.

तिसऱ्या वर्षीच्या एकतीस मार्चला बाबा माझ्यासोबत होते. त्यांचा मणका झिजला होता आणि डॉक्टरांनी ओझं उचलायची सक्त मनाई केली होती. दुपारी त्यांना दाखवायचं होतं, म्हणून जाता जाता गोदाम उरकावं असा माझा बेत होता. "बाबा, तुमी गाडीतच बसा," मी सांगितलं. पण धान्याचा वास आल्यावर ते कसले बसतात!

शेठनी चहा मागवला. मी वही काढून खालच्या ओळीतली पोती मोजायला लागले. बाबा थप्पीसमोर उभे राहिले ते उभेच. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हे थप्पी हमालानं नाही लावली."

"काहून?"

"एका थराले पोतं लांब दिसते, वरच्या थराले त्याचं तोंड दिसते. तोंडवालं पोतं आत जाते अन् थप्पीले धरून ठेवते. इथं पाह्य, समदे लांबच. आत काहीच जाऊन नाही राह्यलं."

मी पाहिलं. खरंच, खालपासून वरपर्यंत एकाही पोत्याचं तोंड दिसत नव्हतं. हीच भिंत मी दोन वर्षं मोजली होती. 

तेव्हा मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. वर चढलेच नाही तर मला काही कळणार नाही, आणि कळलं नाही तर माझ्या आधीच्या दोन सह्या शाबूत राहतील. चढले आणि आत पोकळ निघालं, तर पहिली पकडली जाईन मीच. मला ती खोली आठवली, ते चार महिने आठवले. ज्यांचं सोयाबीन होतं ती माणसं फार उशिरा आठवली.

"शेठ, शिडी द्या," मी म्हणाले.

"शिडी कालच वेल्डिंगले गेली." शेठ हसले. "ताई, दोन साल खालूनच मोजलं ना? मंग आजच काय झालं?" आणि बाबांकडे वळून म्हणाले, "अन् तू काहून मधात पडून राह्यला? डाक्टरकडे जाय ना."

बाबा थप्पीच्या कोपऱ्याशी गेले, पोत्यांना हात टेकून उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "दे पाय."

"बाबा, उठा आधी. मणका!"

"कोपऱ्यावरून चढ. कोपरा लवकर ढासळत नाही. दे पाय म्हणतो ना."

चुकून कुणाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा, हे मला याच माणसानं शिकवलं होतं. मी चपला काढल्या. उजवा पाय त्यांच्या खांद्यावर ठेवला, तर तिथं तीस वर्षांचा घट्टा होता, टाचेसारखा कडक. बाबांनी पोतं उचलताना सोडायचे तसा हुंकार सोडला आणि ते उभे राहिले. मी वरचं पोतं पकडून अंग वर ओढून घेतलं.

वर ताडपत्री होती. ती बाजूला सारली. चारही बाजूंना जेमतेम दोन पोत्यांची भिंत आणि मधे विहिरीसारखा खड्डा. तळाशी सोयाबीनचं कुटार, नुसता भुसा पडलेला होता.

शेठच्या आवाजातला गोडवा गेला होता. "ताई, खाली या. मांगच्या दोन्ही साली सही तुमचीच हाय. आमी बुडालो त तुमीबी बुडसान."

 उतरून जावं असं खरंच वाटलं. तेवढ्यात खालून बाबांचा आवाज आला, "शेठ, थांबा जी. पोरगी मोजून राह्यली."

तीस वर्षांत बाबांनी शेठना कधी थांबा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी मोजलं. एकेका पोत्याला हात लावून, मोठ्यानं.

अहवालात पहिला परिच्छेद मी माझ्याच चुकीचा लिहिला. आठवड्यात खोली गेली, मागोमाग निम्मे अशील गेले. गेलेलं सोयाबीन काही परत आलं नाही. पण गोदामात आणखी माल टाकायला निघालेली माणसं थांबली. सी.ए. संस्थेकडून माझी चौकशी अजून चालू आहे. काही वर्षं सही करता येणार नाही, असंही होऊ शकतं. पोस्टमन दारात दिसला की आजही मी आधी पाकिटावरचा शिक्का पाहते. अभ्यासिकेत मी मुलांना सगळं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "मंग ताई, तुमाले शून्य?" मी हो म्हणाले.

त्या दिवशी गोदामातून आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. बाबांना वाकताही येत नव्हतं. डॉक्टर चिडले. "इतकं बजावलं होतं, तरी ओझं उचललंच ना?"

"ओझं नाही जी," बाबा म्हणाले. "पोरगी होती."