कोपऱ्यातलं मशीन

जव्हारच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलो होतो. कोपऱ्यातल्या मशीनवर एक मुलगी बसली होती. प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरचा एरर आला की ती अख्खा प्रोग्राम पुसायची आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायची. मी पाहिलं, तर प्रोग्राम बिनचूक होता. कुणा शहाण्याने प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलरच अर्धवट टाकला होता. त्याला लागणाऱ्या लायब्ररीच्या फायली मशीनवर नव्हत्याच. मी तो नव्याने टाकला. तिचा तोच प्रोग्राम लगेच चालला.

"म्हंजे इतके दिस माझं बरोबरच व्हतं?"

"हो."

"बाकीच्यांचं दुसऱ्या मशीनवर चालायचं. मला वाटलं, आपल्यालाच जमत नाय. कालच कॉलेजातनं नाव काढलं, सर. आज शेवटचं करून बघत व्हते. उद्या भिवंडीला गोदामात कामाला जायाचं."

मग सवयीने तिने सगळा प्रोग्राम पुसून टाकला.