विलासची सरकती खोली

शारजा विमानतळाबाहेर विलास उभा होता. मला पाहिल्याबरोबर तो म्हणाला, "ताई, फ्लॅटला रंग लावायला घेतलाय. सगळीकडे वास आहे. आपण थेट फिरायलाच जाऊ." प्रवास कसा झाला, गुडघा कसा आहे, काही नाही. माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

माझा स्वभाव मुळातच संशयी आहे, हे आधी सांगून टाकते. सांगलीत तीस वर्षं मी शिवणक्लास चालवला. "बाई, झालं," असं म्हणत मुलीने कपडा पुढे केला की मी तो आधी उलटा करायची. वरून सगळेच छान दिसतात. विलास माझा धाकटा भाऊ, अल ऐनला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको सुनंदा गेली. मुलगा कॅनडात. तेव्हापासून फोनवर "मी मजेत आहे, ताई" हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणे, की माझा त्यावरचा विश्वास उडाला होता. त्याची नोकरी सोडवून त्याला सांगलीला घेऊन यायचं, असं ठरवूनच मी विमानात बसले होते.

अल ऐनच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना उंटांसाठी घातलेलं कुंपण आणि त्यापलीकडे वाळू. आधी पांढुरकी, मग हळूहळू विटेच्या चुऱ्यासारखी तांबडी. वाटेत एका टपरीवजा दुकानासमोर विलासने नुसता हॉर्न वाजवला आणि एक मल्याळी माणूस करक (वेलची घालून उकळलेला दाट दुधाचा चहा) घेऊन गाडीच्या खिडकीशी हजर झाला. उतरायचं काम नाही. चहा उत्तम होता. पण "रंग कोणता लावतोयस?" या प्रश्नावर विलास चहाच पीत राहिला.

तो मला फ्लॅटवर नेणार नव्हताच. शहराबाहेर त्याच्या एका ओळखीच्या अरबाचा मझरा (शेतमळा) होता. खजुराची झाडं, शेळ्यांचा गोठा आणि गोठ्याच्या पलीकडे एक लांबलचक पांढरी मोटरहोम. आत स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, झोपायची सोय, सगळं असलेली गाडी. "सेकंडहँड घेतली. सुट्टीत फिरायला," तो म्हणाला. त्यातली गंमत म्हणजे एका बाजूची भिंत पलंगासकट बटण दाबलं की टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकते. खोली हातभर नव्हे, चांगली दोन हातांनी रुंद होते. निघताना परत बटण दाबायचं, खण आत. या खणाला ते लोक स्लाइड-आउट म्हणतात.

मी कौतुक केलं आणि मसाल्याचा डबा उघडला. मोहरी तळाला गेलेली, हळदीच्या वाटीला कडेने जुनी पिवळी पुटं. सुट्टीत फिरणाऱ्या माणसाची मोहरी इतकी संपते? मी झाकण लावलं आणि गप्प बसले. पुरावा पुरेसा झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी रास अल खैमाला निघालो. तिथले डोंगर बघून मी चकित झाले. झाड नाही, गवत नाही, आणि तरी उंचच उंच. नुसता दगड. पायथ्याशी सिमेंटच्या कारखान्यांची धूळ, दुसरीकडे निळं शांत पाणी. समुद्रकाठी गाडी लावून आम्ही खण बाहेर काढला, पिठलं-भात केला आणि झोपलो.

सकाळी सगळी वाळू ओली. पाऊस नव्हे, दव. थंडीच्या दिवसांत तिथल्या किनाऱ्यावर इतकं दव पडतं की गाडीच्या छपरावरून धारा लागतात. विलासने बटण दाबलं. खण घरघरत आत आला आणि वरच्या कोपऱ्यातून तांब्याभर पाणी थेट माझ्या बॅगेत पडलं. सांगलीहून जपून आणलेलं भडंग! पिशवी उघडून बघते तर लगदा.

"असं पहिल्यांदाच झालं," विलास म्हणाला. आणि हे म्हणता म्हणता त्याने न बघता ओट्याखाली हात घालून फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी काढली. अर्धी संपलेली. मी चष्मा लावून कोपरा पाहिला. पांढऱ्या थरावर पारदर्शक थर, त्यावर काळा. गादी उचलली. तिच्या खालच्या बाजूला पिवळसर डाग, एकात एक चार-पाच कडा. एकदाच भिजलं की डागाची एकच कड उमटते. हे मला कापडाने शिकवलंय.

"पहिल्यांदाच का रे?"

"म्हणजे एवढं पहिल्यांदा," तो म्हणाला. ताकास तूर लागू देईना.

तिथून थेट गॅरेज गाठलं. ते रास अल खैमाच्याच औद्योगिक वसाहतीत होतं. टायरचे ढीग, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि सगळीकडे हिंदी. गॅरेजचे मालक हमीदभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. पांढरी दाढी, खिशात मापाची टेप. ते आले आणि हसून म्हणाले, "काय विलासभाई, पुन्हा?"

"पुन्हा?" मी म्हणाले.

विलासने डोंगराकडे पाहिलं.

"ताई, यांना मी उन्हाळ्यातच बोललेलो," हमीदभाई मला सांगू लागले. "सिलिकॉन म्हणजे टेम्पररी. खण हलला की ते फाटणार. रबरच बदला बोललो, तर हे बोलले, आज टाइम नाही, बाद में. आज इन्शाल्ला खलास करून टाकू." मी सांगलीची हे कळल्यावर त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे आंबा घाट चढलं की तुमचंच राज्य!"

त्यांनी खण पूर्ण बाहेर काढला आणि जुनं रबर सोलायला घेतलं. मी बाहेरून गाडीभोवती फिरत होते. आणि तिथे मला ते दिसलं.

शाळेच्या मुलींचे स्कर्ट दर वर्षी लांबवायला येत. खालची दुमड उसवली की आत गडद निळी पट्टी निघे. बाकीचा स्कर्ट उन्हाने, धुण्याने विटलेला आणि दुमडीतलं कापड दुकानातून आणल्यासारखं. जे आत राहतं ते नवं राहतं. आता हा खण सुट्टीपुरता बाहेर येत असेल आणि एरवी गाडीच्या पोटात असेल, तर त्याच्या कडेच्या भिंती त्या पट्टीसारख्या नव्या असायला हव्या होत्या. त्या नव्हत्या. बाकी गाडीइतक्याच पिवळ्या, उन्हाने करपलेल्या. हात लावला तर बोटाला खडूसारखी पांढरी पूड आली. हा खण महिनोन्महिने बहुतेक बाहेरच राहिलेला होता.

"विल्या," मी म्हणाले, "तू फ्लॅट कधी सोडलास?"

"मार्चमध्ये," तो म्हणाला.

मी भडकले. त्या टायरच्या ढिगापाशी उभं राहून मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गोठ्याशेजारी, गळक्या छपराखाली माझा भाऊ आठ महिने राहत होता आणि रोज मला फोनवर मजेत आहे म्हणून सांगत होता. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

"ताई, फ्लॅटमध्ये मी बेडरूमपाशी गेलो की चपला हळू काढायचो. ती झोपली असेल म्हणून," विलास म्हणाला. "मग रात्रभर जागा. या गाडीत सुनंदा कधी आलीच नाही. इथे मी तिची वाट बघत नाही. इथे मला झोप लागते."

"सांगलीला चल. घर आहे, मी आहे."

"सांगलीच्या घरात ती किती वेळा आली, सांग बरं."

मी गळतीवर आले. "झोप लागते म्हणे! पाण्यात? उद्या शॉक लागला, छाती भरली, तर शेळ्या धावून येणार आहेत?"

"म्हणूनच तर दुरुस्त करतोय ना."

"मग ऐक. दुरुस्ती झाल्यावर पाणी मारून बघायचं. एक थेंब आत आला तर राजीनामा देऊन माझ्याबरोबर यायचं. नाही आला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला. विलास शब्दाचा पक्का आहे. लपवतो, पण दिलेला शब्द मोडत नाही.

हमीदभाईंनी नवं रबर आणलं. वर एक लांब पट्टी, दोन बाजूंना दोन उभ्या. शुक्रवार होता, नमाजाला जायची वेळ होत आली होती, हात भराभर चालत होते. आधी त्यांनी वरची पट्टी बसवली. मग डावीकडची उभी पट्टी आणली आणि कोपऱ्यात तिचं टोक वरच्या पट्टीवर चढवलं. वरचं टोक खाली दबलं, उभं वर आलं. दिसायला झकास, एकदम साफ कोपरा.

मला लगेच कळलं. वरून ओघळलेलं पाणी त्या सांध्यात शिरणार आणि सरळ आत जाणार. आज नाही तर उद्या, पण गळणार. आणि पाइप लावून पाणी मारलं तर आजच.

मी तोंड मिटून घेतलं.

मला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. अर्धा तास गप्प बसायचं, की विलास माझ्याबरोबर विमानात. हमीदभाईंनी पट्टी दाबली, बोटाने फिरवली. ते उजव्या कोपऱ्याकडे वळले. विलास शिडी धरून उभा होता. त्याच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती, हाताने, आडव्यातिडव्या टाक्यांनी. ते टाके त्याचे स्वतःचे होते. मला एकदम वाटलं, हा फसला तर त्याला फसवणारी मी असेन. आणि मी रोज शेजारच्या खोलीतून त्याच्याकडे बघत बसणार.

"हमीदभाई," मी म्हणाले, "गावाला कौलं शाकारताना वरचं कौल खालच्या कौलाच्या खाली घालता का हो?"

हमीदभाई शिडीवर थांबले. कोपऱ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "या अल्ला! घाईत उलटं केलं!" त्यांनी दोन्ही पट्ट्या उचकटल्या. मग मीच सांगितलं: उभ्या आधी, वरची नंतर, आणि वरची दोन्ही बाजूंना चार बोटं पुढे आणून बाहेरून खाली दुमडायची, कोपरा तिरका कापून. त्यांनी माझ्या हातात खडू दिला. मी रबरावर बेतलं, त्यांनी कापलं. "ताई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या," ते म्हणाले. मी हसले नाही.

नमाजाहून आल्यावर त्यांनी पाइप लावला. मी आत गादीवर बसले, हाताचा तळवा कोपऱ्यात टेकवून. छपरावर पाणी धो धो आपटत होतं. दर मिनिटाला मी हात काढून बघत होते. कोरडा. खण आत घेतला, बाहेर काढला, पुन्हा पाणी. कोरडा. इतक्या वर्षांत मी कुणाचं काम इतक्या बारकाईने तपासलं नव्हतं आणि दोष सापडावा म्हणून इतका जीवही टाकला नव्हता. एक थेंब पुरला असता.

"ताई?" विलासने बाहेरून हाक मारली.

"नाही आलं," मी म्हणाले.

उरलेले दिवस आम्ही खूप फिरलो. डोंगरातल्या वादीत (पावसाळी नदीच्या कोरड्या पात्रात) दगडांवरून चाललो, रगाग (तव्यावरची कागदासारखी पातळ रोटी) अंडं घालून खाल्ली, अल ऐनच्या खजुराच्या बागेत कालव्यातून झुळझुळणारं पाणी पाहिलं. मी तो विषय काढला नाही. मझऱ्यावर परतल्यावर त्याच्या कॉलरचे टाके उसवून मी नीट घातले. विमानतळावर तो बराच वेळ माझा हात धरून उभा होता.

सांगलीला येऊन तीन आठवडे झाले आणि एका सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, इथे पाऊस! काल संध्याकाळपासून. रस्त्यांवर पाणी साचलंय, विद्यापीठाला सुट्टी. आणि आत एक थेंब नाही. मी झोपलो होतो, मला कळलंच नाही."

त्याचा असा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"बरं झालं," मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. तिथे त्या कोपऱ्याबद्दल मी गप्प बसले असते, तर आज तो माझ्या शेजारच्या खोलीत असता. रात्ररात्र जागा, पण इथे.