शिवलिंगप्पाचा अर्ज

शिवलिंगप्पा गेल्याचं मला शाळेत कळलं. चौथीच्या वर्गावर त्रैराशिक चाललं होतं. त्याचा मेहुणा दाराशी येऊन म्हणाला, "मास्तर, दाजी गेले सकाळी." मी मान हलवली आणि फळ्यावरचं गणित पुरं केलं. उत्तरही बरोबर आलं... मग निघालो. चार दिवसांचा ताप, एवढंच निमित्त झालं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून नेलं. सदऱ्याची उजवी बाही त्याच्या बायकोनं, गंगव्वानं, दुमडून टाचली होती; त्या बाहीत गेली सात वर्षं हात नव्हता. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही.

आमची ओळख झाली तेव्हा मी मास्तर नव्हतो, सोलापुरातल्या एका गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. तो सूतखात्यात तेलवाला. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कानडी, आमच्याशी मराठी. ज्याला लिहिता येतं तो त्याच्या लेखी मास्तर, म्हणून मीही मास्तर. त्याच्या खात्यात भिंतीलगत एक मोठं चाक होतं आणि त्यावरून छतापर्यंत गेलेला चामडी पट्टा. चाकापुढची लोखंडी जाळी दुरुस्तीला म्हणून काढली, ती परत बसलीच नाही. जाळी असली की तेल घालायला यंत्र थांबवावं लागे, आणि थांबवणं वरच्यांना नको होतं. शिवलिंगप्पा फिरत्या चाकाशी वाकून तेल घाली. एक दिवस दुपारच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. "मास्तर, येक अर्ज लिवा की. जाळी बसवा म्हनावं. वाकलं की पट्ट्याचं वारं कानाला लागतंय." तो सांगत गेला तसं मी लिहिलं. खाली त्यानं कानडीत सही केली, एकेक अक्षर दाबून. त्याला फार वेळ लागतोय असं वाटून मी घड्याळाकडं पाहिलं.

तो अर्ज मी मॅनेजर साहेबांपुढं ठेवला नाही. त्या आठवड्यात साहेब चिडलेले होते. दोन दिवसांनी देऊ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला, मग आणखी दोन दिवस... तीन आठवडे झाले तरी तो तिथंच होता.

सकाळची पाळी होती. सूतखात्याचा आवाज एकाएकी बंद पडला आणि खात्याचा मुकादम, जॉबर, धावत आला. मी गेलो तेव्हा शिवलिंगप्पाला पोत्यांवर निजवलं होतं. बाही पट्ट्यात गेली होती आणि बाहीमागं हात. तो शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "माजं पायताण कुटं हाय? बगा की जरा." मी खरोखरच चपला शोधू लागलो. सापडल्या, त्याच्या पायाशी नेऊन ठेवल्या. दवाखान्यात कोपराच्या वरून हात काढला. संध्याकाळी साहेबांनी मला अहवाल सांगितला, 'कामगाराच्या स्वतःच्या हयगयीमुळे', आणि तो मी लिहून काढला. अक्षर माझं चांगलं होतं.

महिन्याभरानं सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला आले. शिवलिंगप्पाला कचेरीत बोलावलं. साहेब बसलेले, मी कोपऱ्यात माझ्या टेबलाशी.

"जाळी नाही हे तू कुणाला सांगितलं होतंस का?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

"व्हय सायेब. अर्ज दिला हुता."

"कुणाकडे?"

तो माझ्याकडं बघेल म्हणून मी वाट पाहिली. त्यानं बघितलं नाही. जमिनीकडं बघत म्हणाला, "आता आठवत न्हाय, सायेब."

साहेब हसले. "अर्जबिर्ज काही नाही. हे लोक असंच बोलतात."

मी उठलो कधी ते मला आठवत नाही. ड्रॉवर अडकायचा, तो दोनदा ओढावा लागला. कागद इन्स्पेक्टरपुढं ठेवून मी म्हणालो, "हा तो अर्ज. माझ्याकडे दिला होता. मी पुढं दिला नाही." त्यांनी तारीख पाहिली. कानडी सहीवर बोट ठेवून विचारलं, "ही कुणाची?" शिवलिंगप्पा म्हणाला, "माजी. हात हुता तवाची."

पुढच्या महिन्यात सगळ्या खात्यांत जाळ्या बसल्या. माझी नोकरी गेली. वर्षभरानं मी प्राथमिक शाळेत लागलो. शिवलिंगप्पा नवी पेठेत एका कापडदुकानाच्या दाराशी पहाऱ्याला बसू लागला. एकदाच मी त्याला विचारलं, "तेव्हा माझं नाव का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुमची लेकरं ल्हान हुती की. माजा हात गेला म्हनून तुमची भाकरी बी घालवायची व्हय?" मी म्हणालो, ती तर मी माझ्या हातानं घालवली. त्यावर आम्ही दोघंही थोडं हसलो. मी त्याची क्षमा कधी मागितली नाही. मागितली असती तर त्यानं विषय बदलला असता.

रविवारी तो आमच्याकडं जेवायला येई. कडक भाकरी एका हाताच्या मुठीनं मोडायला गेलं की ताटातून सरके. म्हणून मी दोन्ही हातांनी भाकरी कडेला धरायची आणि त्यानं डाव्या मुठीचा दणका द्यायचा. तुकडे लांब उडत, माझी बायको कुरकुरे, तो हसे. परवाच्या रविवारी ताट पुढं आलं. मी भाकरी कडेला धरली आणि धरूनच बसलो. बायको चटणीचं भांडं घेऊन उभी होती. थोड्या वेळानं तिनं ते खाली ठेवलं, माझ्यासमोर बसली, आणि मूठ मारली.