बिनदगडाची कबर

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात ती पस्तीस वर्षं चष्म्याच्या काचा घासत होती. सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. तिच्या स्वतःच्या काचा इतक्या जाड, की गिऱ्हाइकं म्हणायची, "बाई, आधी स्वतःचं बघा." ती हसायची आणि फ्रेमचा स्क्रू पिळत राहायची. लग्न केलं नव्हतं. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची ऐंशी वर्षांची आई, एवढंच घर.

आई चर्चच्या अनाथालयात वाढलेली. दीड वर्षाची असताना तिला कुणीतरी तिथल्या पायरीवर ठेवून गेलं. कोण, ते आईनं कधीच ठरवून टाकलं होतं. आजीचा विषय निघाला की म्हणायची, "मांजरसुद्धा पिल्लाला तोंडात धरून सात घरं फिरवते. हिनं मला पहिल्याच पायरीवर टाकलं." पुढे कुणी ब्र काढत नसे.

मग एका रविवारी चर्चच्या फळ्यावर सूचना लागली. कबरस्तानाचा जुना भाग सपाट करायचा आहे. ज्यांची माणसं तिथे असतील त्यांनी तीन महिन्यांत नोंद करावी. चष्मेवाली ती सूचना वाचून घरी आली आणि आईला न सांगता ट्रंकेतला अनाथालयाचा दाखला काढला. पोरीच्या झग्याला टाचलेल्या चिठ्ठीवरून उतरवलेलं आजीचं नाव त्यावर होतं. एवढ्या वर्षांत ते नाव कुणी शोधलंच नव्हतं.

ती दर रविवारी कबरस्तानात जाऊ लागली. दगडांवरची अक्षरं झिजून गेलेली, शेवाळलेली. गिऱ्हाइकांना तोंड बघायला द्यायची तो हातआरसा तिनं सोबत घेतला. आरशातून दगडावर तिरपा उजेड पाडला की बुजलेलं अक्षर थोडं वर यायचं. 'प्रिय पत्नी', 'वय चाळीस', 'येथे विसावला'. डोळ्यांत तेल घालून तिनं दोनशेच्या वर दगड वाचले. आजीचं नाव एकावरही नव्हतं.

शेवटी ती चर्चच्या म्हाताऱ्या कारकुनाकडे गेली.

"ताई, गरिबाच्या कबरेवर दगड कुठून असणार?" तो म्हणाला. "नोंदवही बघू."

वहीची पानं वाळल्या पानांसारखी कुरकुरत होती. तासाभरानं त्याचं बोट थांबलं. नाव तेच. वय बावीस. कारण ताप. प्रेत कुणी आणलं, त्या रकान्यात लिहिलं होतं : शेजारीण. चष्मेवालीनं पर्समधून दाखला काढून तारीख ताडून पाहिली. आजीला पुरल्यानंतर नवव्या दिवशी पोर पायरीवर सापडली होती.

"म्हणजे तिनं टाकलं नव्हतं, काका," ती म्हणाली.

"नाही हो. ती आधीच गेली होती. शेजारणीनं आठवडाभर सांभाळलं असेल, मग झेपलं नसेल."

वहीतल्या क्रमांकावरून कबर सापडली ती दोन दगडांच्या मधल्या गवतात. त्या दोन्ही दगडांवर उजेड पाडताना ती त्याच गवतावर गुडघे टेकून बसली होती.

त्या संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आई रडेल, मोकळी होईल. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कशाला गेलीस उकरायला?" ती म्हणाली. "आयुष्य त्या रागावर काढलं मी. आता तो कुणावर काढू?"

दोन दिवस ती धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी लेक वेणी घालत असताना तिनं विचारलं, "वय किती लिहिलंय म्हणालीस?"

"बावीस."

"बावीस," आई म्हणाली. "पोर होती गं. मी आपली एका मोठ्या बाईला शिव्या देत बसले."

कबर बघायला चल म्हटलं तर यायची नाही. "कुठल्या तोंडानं जाऊ?" असं दोन आठवडे चाललं. मग एका सकाळी स्वतःच धुतलेली साडी नेसून बसली. चष्मेवालीनं शेजारच्या दोघांना बोलावलं आणि खुर्चीसकट तिला जिन्यावरून उतरवलं.

गवतापाशी आई पाव तास बसली. एकदा वाकून हात टेकवायला गेली, पण पोचला नाही. लेकीनं थोडी माती उचलून तिच्या तळव्यावर ठेवली. परतताना रिक्षात आईनं विचारलं, "शेवटी तिला कुणी पाणी पाजलं असेल का गं?"

"शेजारीण होती ना, आई."

"हो. ती होती." मग म्हणाली, "आणि मी कुठे असेन तेव्हा? तिच्याजवळच असेन ना?"

चष्मेवालीनं आईची मूठ धरून ठेवली. मूठ अजून मिटलेलीच होती.

कबरेची नोंद मुदतीत झाली. तो तुकडा सपाट केला नाही, आणि पाथरवटाला दगड सांगितला. त्यावर काय कोरायचं ते आई रोज बदलायची. कधी 'आई', कधी नुसतं नाव आणि वय. तिचं काही ठरेना. ते ठरायच्या आधीच, दगड सांगितल्यापासून सतराव्या दिवशी, दुपारच्या झोपेतच ती गेली.

पाथरवट मजकूर विचारायला दुकानात आला. चष्मेवालीनं दोघींची नावं लिहून दिली, आजीच्या नावापुढे 'आई', आईच्या नावापुढे 'लेक', खाली वयं : बावीस आणि ऐंशी. तो म्हणाला, "बाई, आकडे उलटे पडलेत बहुतेक. आई ऐंशीची असणार ना?"

"नाही," ती म्हणाली, "बरोबर आहेत." आणि चष्मा काढून पदरानं पुसत राहिली.