आक्कांनी बघितलेला रशिया

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी नववीत शाळा सोडली. शब्दही साधेच आहेत, कारण माझ्याकडं तेवढेच आहेत.

माझं गाव कर्जत तालुक्यात. मी नगरच्या एका टूर कंपनीत आचारी आहे. ग्रुप परदेशात निघाला की मसाल्याचे डबे घेऊन मीपण निघतो, कारण आपल्या लोकांना चौथ्या दिवशी पिठलं लागतंच! रशियाला मी सहा वेळा गेलोय. गावात पोरं विचारतात, "सागऱ्या, काय काय बघितलं रे तिथं?"

मी म्हणतो, "कांदे."

पण किस्से साठतात. पातेल्याच्या बुडाला भात लागतो तसे ते चिकटून राहतात, आणि खरवडायला बसलं की वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघतात.

•

मॉस्कोच्या मेट्रोत एका स्टेशनवर ब्राँझचा कुत्रा आहे. त्याच्या नाकाला हात लावला की काम होतं, असं तिथले लोक मानतात. येणारा-जाणारा नाक चोळून जातो, त्यामुळं नाक सोन्यासारखं चकचकीत झालंय.

आमच्या ग्रुपमधल्या एका मावशींनी ते बघितलं आणि पर्समधून भंडाऱ्याची पुडी काढली. "खंडोबाचं कुत्रं हाय हे! हितं कसं आलं?" असं म्हणून त्यांनी नाकाला हळद लावली. मागं सगळ्या बायकांची लाईन लागली. पोलीस धावत आला.

आमची गाईड इरिना हिंदी शिकलेली आहे, सगळे तिला इरिनाताई म्हणतात. ती त्याच्याशी बराच वेळ बोलली. शेवटी पोलिसानं इकडंतिकडं बघितलं आणि स्वतःच नाकाला हात लावून गेला.

"काय सांगितलंस त्याला?" आमचे टूर मॅनेजर शेळके सर म्हणाले.

"मैंने बोला, ये लोग कुत्ते के गाँव से आए हैं।"

•

पीटर्सबर्गच्या बाहेर राजाचा उन्हाळी महाल आहे. दारात सोन्याचे पुतळे आणि शेकडो कारंजी. एका ट्रिपला हिवरे बाजारचे एक काका होते. सगळे फोटो काढत होते, काका कारंज्याच्या बुडाशी वाकून बघत होते.

"मोटर कितीची हाय?"

इरिनाताई म्हणाली, मोटर नाहीच. लांबच्या टेकडीवरून चर खोदून पाणी आणलंय, उतारानं येतं, दाबानं उडतं. तीनशे वर्षं असंच चाललंय.

काकांनी टोपी काढली! सोन्याच्या पुतळ्यांना पाठ करून ते चर शोधायला निघाले. पाऊण तासानं सापडले, तेव्हा चप्पल हातात आणि पाय पाण्यात. सर चिडले होते. काका म्हणाले, "सर, तुमी राजाचं दागिनं दाखवत बसला. राजा हितं हाय."

•

असे हसण्यासारखे किस्से पुष्कळ आहेत. पण रशिया म्हटलं की मला आण्णा आणि आक्का आठवतात. ते खर्ड्याकडचे. त्यांचा एकुलता एक मुलगा वैभव पीटर्सबर्गला डॉक्टरकी शिकत होता. मित्रांबरोबर नदीवर गेला आणि बुडाला. बऱ्याच दिवसांनी सापडला. पेटी गावाला आली ती खिळे ठोकलेली, आणि तशीच जाळली. आक्कांनी तोंड बघितलं नाही.

त्यामुळं आक्कांचा विश्वास बसला नव्हता. त्या म्हणायच्या, "पेटीत दुसरंच कुनी तरी आसंल. माझं पोरगं तिकडं कुठल्या दवाखान्यात पडलं आसंल, नाव आठवत नसंल त्याला." दोन वर्षं त्या हेच म्हणत होत्या. मग एक दिवस म्हणाल्या, "मला रशिया बघायचाय." आण्णांनी आमच्या टूरला दोन नावं दिली.

•

मॉस्कोच्या लाल चौकात त्यांचा एक पुढारी काचेखाली ठेवलाय. शंभर वर्षांपूर्वी वारलेला. आत अंधार असतो, बोलायचं नाही, थांबायचं नाही, खिशात हात घालायचा नाही. नाष्टा झाला की मी मोकळा असतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना धरून नेण्याचं काम माझ्याकडं.

आक्का काचेपाशी आल्या आणि थांबल्या.

"ह्याला कवाचा ठिवलाय?"

"शंभर वर्षं झाली, आक्का. चला."

"शंभर वर्सं तोंड उघडं ठिवलंय! आन माझ्या लेकराला खिळं ठोकलं."

शिपायानं ओठांवर बोट ठेवलं. आक्का त्याच्याकडं वळल्या. "गपच हाय रे बाबा. दोन वर्सं गपच हाय."

•

पीटर्सबर्गला आल्यावर आक्कांनी मोबाईल काढला. वैभवनं पाठवलेले फोटो त्यात होते. राजवाड्यापुढचं मोठं मैदान, मधोमध उंच खांब, आणि खांबापुढं हा हसतोय. आक्का फोटो बघून फरशा मोजत मोजत बरोबर त्याच जागेवर गेल्या. तिथं उभ्या राहिल्या नाहीत, हातभर बाजूला राहिल्या. आण्णांना पलीकडं उभं केलं.

शेळके सर कॅमेरा घेऊन म्हणाले, "आक्का, जवळ या की! भांडण झालंय का?"

"तिथं जागा ठिवलीय."

सर बिचारे वरमले. त्यांनी गुपचूप फोटो काढला. नेमका त्याच वेळी मागून एक उंच रशियन पोरगा चालत गेला आणि बरोबर मधल्या जागेत आला. सर म्हणाले, "अरेरे, डिलीट करतो, दुसरा काढू."

आक्कांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. कुनाचं तरी हाय."

•

त्या संध्याकाळी मी हॉटेलच्या किचनमध्ये लसूण सोलत होतो. आण्णा आले आणि माझ्यासमोर बसून सोलायला लागले. मला बोलायचं सुचत नाही, त्यामुळं माणसं माझ्याजवळ बोलतात.

"सागर, पेटी उघडली हुती मी. नगरच्या दवाखान्यात. एकट्यानं."

मी सुरी खाली ठेवली.

"हिला सांगितलं, उघडू देत न्हाईत, कायदा हाय. लई दिवस पान्यात हुतं ते. तोंड न्हवतंच. हातातल्या कड्यावरनं वळखलं." त्यांनी सोललेला लसूण वाटीत टाकला. "सांगितलं तर ही उरती का? आन न्हाई सांगितलं तर ही हाय आशी. तूच सांग."

मी सुरी परत उचलली. आण्णा म्हणाले, "लसूण बास का अजून?"

•

परत निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आक्कांनी शेळके सरांना सांगितलं, "उद्या मी येत न्हाई. तुमी व्हा म्होरं."

सर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या चेष्टा करत नाहीत. खोलीत जाऊन बघितलं तर आण्णांची बॅग भरलेली, आक्कांची रिकामी, आणि कपडे कपाटात नीट लावलेले! "माझा वैभव गावला की मी येते. तवर हितं भांडी घासीन. सागरला इचारलंय मी." खरंच विचारलं होतं. मी मान खाली घातली होती, त्यांना ते हो वाटलं.

सरांनी आण्णांना बाजूला घेतलं. "आण्णा, व्हिसा संपतोय. उद्या ह्या विमानात बसल्या नाहीत तर मला पोलिसांना कळवावं लागेल. तुम्हीच काय ते बोला."

"बोलतो," आण्णा म्हणाले.

•

त्या दुपारी बोटीची सफर होती. नदीतून सगळं शहर दाखवतात. इरिनाताई माइकवर सांगत होती, दाएँ हाथ पर किला, बाएँ हाथ पर महल. सगळे उजवीकडं-डावीकडं माना फिरवत होते. आक्का फक्त पाण्याकडं बघत होत्या. मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो.

आण्णा एकदम म्हणाले, "मी पेटी उघडली हुती."

आक्कांनी मान वळवली नाही. इरिनाताई बोलायची थांबली. मराठी तिला येत नाही, पण ती थांबली. एक पूल डोक्यावरून गेला, सावली आली आणि गेली.

"वैभवच हुता?"

"व्हय."

"डोळं मिटल्यालं हुतं?"

"मिटल्यालं हुतं."

"आन तोंड?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. "झोपल्यावानी हुतं. लहानपनी झोपायचा ना, तसं."

आक्कांनी पदर नीट केला. मग माइककडं हात केला. "ताई, तू का थांबली? सांग की म्होरलं. त्यो पिवळा वाडा कुनाचा?"

•

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा-आक्कांच्या दोन बॅगा दाराबाहेर बंद करून ठेवलेल्या होत्या. मी त्या खाली नेऊन बसमध्ये ठेवल्या आणि पोहे वाढायला लागलो. आक्का ताटली घेऊन आल्या. एवढ्या दिवसांत त्यांनी माझ्याकडं खायला काही मागितलं नव्हतं.

"लिंबू हाय का रे?"

लिंबं आदल्या दिवशीच संपली होती. मी झारा शेळके सरांच्या हातात दिला, ॲप्रन न काढताच बाहेर पडलो, दोन चौक चालून दुकान शोधलं आणि लिंबू आणलं.